विश्लेषण : लहान लॅपटॉप घेताना किंमत पाहावी की दुरुस्ती?

अकरा ते तेरा इंची स्क्रीनचा, दीड किलोच्या आतला, खांद्यावरच्या पिशवीत सहज मावणारा लॅपटॉप आता वीस हजार रुपयांच्या आसपासही मिळतो आणि त्याच आकाराचा लाखभर रुपयांनाही. दुकानातल्या पाटीवर प्रोसेसर, स्क्रीन, रॅम असे सगळे लिहिलेले असते. तीन वर्षांनी बॅटरी फुगली किंवा चार्जिंगचे छिद्र सैल झाले, तर तो उघडून नीट करता येईल का, हे मात्र पाटीवर नसते. खरेदीचा खरा हिशेब तिथेच चुकतो.

लहान लॅपटॉपमध्येच हा प्रश्न का?

जागा कमी असली की सुटे, स्क्रूने बसवलेले भाग परवडत नाहीत. रॅमची पट्टी आणि तिचा खाचा यांना जी उंची लागते, ती वाचवण्यासाठी रॅम थेट मदरबोर्डवर सोल्डर केली जाते. स्वस्त मॉडेलांत साठवणुकीचेही तेच होते. २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलेल्या ‘जिओबुक’मध्ये ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ‘ईएमएमसी’ साठवणूक होती. ईएमएमसी म्हणजे मदरबोर्डवरच कायमची बसवलेली चिप. किंमत पाहता यात वावगे काही नाही, पण असे यंत्र पुढे वाढवता येत नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक हवे. महाग घेतले म्हणजे सुटका होते असेही नाही. मॅकबुक एअरमध्ये रॅम अनेक वर्षांपासून सोल्डर केलेलीच असते. लेनोवोच्या २०१७ च्या थिंकपॅड एक्स२७० मध्ये रॅमचा खाचा होता आणि मागची बॅटरी हाताने काढता येत होती. पुढच्याच वर्षी आलेल्या एक्स२८० मध्ये दोन्ही सोयी गेल्या.

लहान आकार आणि दुरुस्ती एकत्र नांदू शकतात, हेही दिसून आले आहे. अमेरिकेच्या फ्रेमवर्क कंपनीने २०२५ मध्ये आणलेल्या बारा इंची लॅपटॉपमध्ये रॅम, एसएसडी, बॅटरी, कीबोर्ड सगळे मालकालाच बदलता येते. भारताच्या बाजारात मात्र ही कंपनी उतरलेली नाही.

नेमके बिघडते काय?

चर्चा बहुतेक वेळा रॅमवरच अडते. प्रत्यक्षात रॅम क्वचितच बिघडते. झिजते ती बॅटरी. सर्वसाधारण लिथियम-आयन बॅटरी काही शे चार्जिंगनंतर क्षमता गमावू लागते. रोज वापर असेल तर तीन-चार वर्षांत ती बदलावीच लागते. दुसरा नंबर बिजागरीचा. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकच्या बोंडांत रुतवलेले असतात. ती तुटली की झाकण उघडताना कडेची चौकट फाकते. मग चार्जिंगचे छिद्र. ते वेगळ्या छोट्या बोर्डावर असेल तर तेवढा बोर्ड बदलून काम भागते. मदरबोर्डवरच असेल तर सोल्डरिंग आले, आणि ते सफाईने करणारा कारागीर प्रत्येक गावात नसतो. कीबोर्डचेही तसेच. काही लॅपटॉपमध्ये तो वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या रिव्हेटने जोडलेला असतो. दोन कळा बंद पडल्या तरी अख्खे कव्हर घ्यावे लागते.

म्हणून सोल्डर केलेल्या रॅमला एवढे घाबरण्याचे कारण नाही. सोल्डर केलेली १६ जीबी रॅम घरच्या आणि कॉलेजच्या वापराला बरीच वर्षे पुरते. सोल्डर केलेली ४ जीबी हा सापळा आहे. ‘आता कमी घेऊ, पुढे वाढवू’ हा जुना सल्लाही पूर्वीसारखा बिनधोक राहिलेला नाही. एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किमती झपाट्याने वर गेल्या. साठवणूक मात्र सुटी असलेलीच बरी. मदरबोर्ड गेला तरी एसएसडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते आणि प्रकल्प, फोटो, हिशेब वाचतात. विंडोजचे एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची रिकव्हरी की जवळ हवी, एवढेच.

हिशेब कसा मांडायचा?

समजा, एक बंदिस्त लॅपटॉप २२ हजारांचा आहे आणि तो तीन वर्षे चालला. वर्षाला साधारण ७,३३३ रुपये पडले. दुसरा ३४ हजारांचा. त्यात पुढे बॅटरी, एसएसडी आणि मजुरी मिळून आठ हजार घातले आणि तो सहा वर्षे चालला, तर वर्षाला सात हजार. फरक फक्त ३३३ रुपयांचा! म्हणजे दुरुस्त होणारा लॅपटॉप आपोआप स्वस्त पडत नाही. तो खरोखर सहा वर्षे वापरला तरच पडतो. ज्याला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमापुरतेच यंत्र हवे आहे, त्याने बारा हजार जादा का मोजावेत? पण जिथे लॅपटॉप धाकट्या भावंडाकडे जाणार आहे, तिथे गणित बदलते. चौथ्या वर्षी पुन्हा एकरकमी २२ हजार उभे करण्यापेक्षा बॅटरीपुरते पैसे काढणे घराला सोपे जाते.

घेण्याआधी ओळखायचे कसे?

तपशिलाच्या पानावर ‘एलपीडीडीआर’ असे लिहिले असेल तर रॅम जवळपास नक्कीच सोल्डर केलेली असते. ‘सोडिम’ म्हटले असेल तर पट्टी सुटी. ‘एम डॉट टू’ एसएसडी सुटी असते, पण लहान लॅपटॉपमध्ये ती अनेकदा आखूड मापाची लागते, तेव्हा माप पाहूनच घ्यावी. डेल, एचपी, लेनोवो आपल्या अनेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर मोफत ठेवतात. त्यात बॅटरी आणि कीबोर्ड काढायचे टप्पे पाहिले की पंधरा मिनिटांत चित्र स्पष्ट होते. वॉरंटीही पाहावी. तंत्रज्ञ घरी येणार की यंत्र जिल्ह्याच्या गावी न्यावे लागणार, हा फरक तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला हजार-दोन हजार रुपयांहून मोठा असतो.

सरकारी गुण मिळतील का?

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक आहे. सुट्या भागांच्या किमतीलाही त्यात गुण असतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुरुस्ती निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला, पण सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून सुचवली. लॅपटॉपच्या ग्राहकाला तूर्त चौकशी स्वतःच करावी लागेल.

जुना ‘ऑफिस’चा लॅपटॉप घ्यावा का?

बजेट २५ हजारांच्या आत असेल तर नव्या बंदिस्त लॅपटॉपपेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेला, दुरुस्त करून विकला जाणारा लॅपटॉप बरेचदा सरस ठरतो. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांचे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये शोधले तर मिळतात. अडचण वेगळीच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे सहज उघडता येणारा तो एक्स२७० विंडोजच्या यादीबाहेर आहे आणि रॅम सोल्डर केलेला, आठव्या पिढीचा एक्स२८० यादीत आहे. लिनक्स चालवायची तयारी असलेल्यांना एक्स२७० आजही उत्तम. बाकीच्यांनी प्रोसेसरची पिढी आधी पाहावी. शिवाय, असा लॅपटॉप घेताना विक्रेत्यासमोरच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ आणि उरलेली क्षमता ताडून पाहावी, आणि ती निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून घ्यावी.