काँपिएनच्या वनांतील डबा

पॅरिसच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवर, वाझ नदीच्या कांठीं, काँपिएन नांवाचें एक जुनें नगर आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त पॅरिस येथें असल्यामुळें तें पाहण्याचा योग उतारवयांत आम्हांस आला. याच नगराच्या तटाबाहेर २३ मे १४३० रोजीं जोन ऑफ आर्क ही वीरकन्या शत्रूच्या हातीं सांपडली.

येथील भव्य राजवाडा पंधराव्या लुईच्या आज्ञेनें गाब्रिएल या स्थपतीनें १७५१ पासून नव्यानें रचावयास घेतला. १८१० सालीं नेपोलियननें आपली नववधू मारी लुईज हिचें स्वागत येथेंच केलें. तिला माहेरच्या शोनब्रुन प्रासादाचें स्मरण व्हावें, म्हणून बागेपासून थेट वनांत एक लांबच लांब सरळ वीथी काढविली, असें सांगतात.

परंतु आमचें मन गुंतलें तें वनांतील एका मोकळ्या जागेंत. तेथें मार्शल फॉश यांच्या आगगाडीच्या डब्यांत ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं जर्मनीनें युद्धविरामावर सही केली. पुढें फ्रेंचांनीं त्या जागीं शिला बसवून तीवर जर्मन साम्राज्याच्या गर्वाचा पाडाव कोरला. हिटलर हें विसरला नाहीं. त्यानें तोच डबा संग्रहालयाची भिंत पाडून बाहेर काढविला, मूळ जागीं उभा केला, आणि २२ जून १९४० रोजीं फ्रान्सकडून त्यांतच सही घेतली. नंतर डबा बर्लिनला नेला. १९४५ मध्यें तो नष्ट झाला. आज दिसतो तो त्याच मालिकेंतील दुसरा डबा होय.

आम्हांस सौप्तिकपर्व आठवलें. अश्वत्थाम्यासही सूडाची वाट वनांतच, एका वडाखालीं सुचली होती.

तीस वर्षें आम्हीं मुलांकडून १९१८ ची तारीख महायुद्धाचा शेवट म्हणून घोकून घेतली. १९४० ची तारीख निराळ्या धड्यांत येई. दोहोंचा डबा एकच, हें मात्र आम्हीं कधीं सांगितलें नाहीं. ही चूक आमचीच.

१० नोव्हेंबर २०१८ रोजीं फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ व जर्मनीच्या चॅन्सेलर मेर्केल हीं दोघें या नव्या डब्यांत शेजारीं शेजारीं बसलीं. घरीं परततांच आम्हीं नातवाच्या वहींत या तिन्ही तारखा एकाखालीं एक लिहून दिल्या.