पडवीतल्या पाहुण्याला पत्ता कोण देतो?

मालवणात एखाद्याचे घर शोधून काढणे ही साधीसुधी गोष्ट नव्हे. मेढा, धुरीवाडा, देऊळवाडा, दांडी, वायरी अशी वाडीवार विभागणी खरी. परंतु एकेका वाडीत निम्मी घरे एकाच आडनावाची निघतात, आणि त्यात नावही जुळले की 'विहिरीकडचे', 'व्हाळापलीकडचे' अशा खुणांचा आधार घ्यावा लागतो. पोस्टमनला हे सारे तोंडपाठ असते. पण त्याच्या हाती नुसते 'माजघर' एवढाच पत्ता लिहिलेले पाकीट दिले तर तो बापडा काय करील? माजघर प्रत्येक घरात आहे. घरातल्या माणसांपुरता तो पत्ता अचूक, आणि उंबरठ्याबाहेर त्याला काडीचीही किंमत नाही.

नेमके असेच पत्ते वाटण्याचे काम आज आपल्या घरोघरी रात्रंदिवस चालू असते. भिंतीवर दिवे मिचकावणारी जी वायफायची पेटी, म्हणजे राउटर, ती हे काम करते. या व्यवस्थेला डीएचसीपी असे अक्षरांचे नाव आहे. नाव रुक्ष आहे हे कबूल. परंतु वाचकांनी घाबरून पान उलटू नये. हिशेब पंगतीच्या पाटांचाच आहे.

घरात इंटरनेटला जोडलेली प्रत्येक वस्तू, मग तो फोन असो, दूरदर्शन संच असो की अंगणातला कॅमेरा, तिला एक क्रमांक लागतो. तो चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. १९८१ साली ही पद्धत ठरली तेव्हा त्यातून निघणारे सुमारे ४२९ कोटी पत्ते जगाला पुरून उरतील असे वाटले. ते पुरले नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये जगाचा मध्यवर्ती साठा वाटून संपला. ही टंचाई आधीच दिसू लागली होती, म्हणून १९९६ साली क्रमांकांचे तीन गट केवळ घरगुती वापरासाठी निश्चित करून दिले गेले. त्यांतला एक १९२.१६८ ने सुरू होतो. तेव्हा १९२.१६८.१.५ हा पत्ता देवबागेत असतो, दादरला असतो आणि न्यू जर्सीतल्या मराठी बिऱ्हाडातही असतो. हेच आपले माजघर! बाहेरच्या जगाशी बोलताना पेटी सर्वांच्या वतीने आपला एकच पत्ता सांगते, आणि आलेले उत्तर आत कोणाला द्यायचे याची टिपणवही स्वतःपाशी ठेवते.

पूर्वी कचेऱ्यांतून हे क्रमांक प्रत्येक यंत्रावर जाऊन हाताने भरावे लागत. १९८५ साली निघालेल्या बूटपी नावाच्या पद्धतीत यंत्रे आपला क्रमांक विचारून घेऊ लागली, पण कोणाला कोणता द्यायचा याची यादी आधीच करून ठेवावी लागे. मग ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपी आले. अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातले राल्फ ड्रॉम्स यांनी त्याचा मसुदा लिहिला, आणि मार्च १९९७ च्या त्याच्या सुधारित रूपावर आजही घरोघरची व्यवस्था उभी आहे. नवे ते काय होते? पत्ता कायमचा न देता मुदतीने द्यायचा. या मुदतीला 'लीज' म्हणतात. कलमांचा बाग हंगामापुरता कराराने देतात ना, तसे.

नवा फोन घरात आला की तो कोणालाच ओळखत नसतो, म्हणून सर्वांना ऐकू जाईल अशी हाक देतो, "कोणी पत्ता देईल का?" पेटी म्हणते, "हा घे, मोकळा आहे." फोन म्हणतो, "घेतला." पेटी म्हणते, "नोंद केली. अमुक वेळ तुझा." चार वाक्यांत व्यवहार पुरा! सोबत बाहेर पडायचे दार कोणते आणि नावांवरून पत्ते शोधून देणारा कोण, हेही सांगितले जाते. मुदत निम्मी उलटली की फोन आपणहून वाढ मागतो, आणि तो घरात असला तर ती मिळते. आपल्याला या साऱ्याचा पत्ताही नसतो.

पत्ता लागतो तो अडल्यावर. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर आमच्या परिचयाचे एक कुटुंब घरच्या चार खोल्यांत न्याहारी-निवासाची सोय चालवते. दिवाळीची सुट्टी म्हणजे त्यांच्या वर्षाच्या कमाईचे दिवस; पावसाळ्यात होड्या बंद, पाहुणाही नाही. दिवाळीतल्या अशाच एका संध्याकाळी चारही खोल्यांतून ओरड सुरू झाली. "अहो काकू, वायफाय दिसतंय, पण लागत नाही!" मोबाइलची रेंज तिथे अशीतशीच, त्यामुळे जेवणाचे पैसे फोनवरून देणेही जमेना. बाईंनी हिशेब वहीत मांडला आणि मला म्हणाल्या, "सर, लायन स्लो आसा. मोठो प्लॅन घेवक व्हयो." मोठा प्लॅन म्हणजे दरमहा जास्त पैसे, आणि तेही पावसाळ्याच्या चार महिन्यांसकट.

वास्तविक लाइन धड होती. घरातल्यांचे फोन व्यवस्थित चालत होते, हीच खूण. पेटीत पाहिले तर जोडणीच्या वेळी कोणीतरी वाटपासाठी १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२१ एवढेच, म्हणजे अवघे २० क्रमांक ठेवले होते आणि मुदत २४ तासांची. घरचे फोन चार, दूरदर्शन संच एक, कॅमेरे दोन, स्वयंपाकघरातला बिले छापणारा प्रिंटर एक; झाले आठ. उरले बारा. दुपारी जेवायला तीन गाड्या भरून मंडळी आली, त्यांच्या बारा फोनांनी बारा पाट धरले. मंडळी जेवून कुडाळच्या रस्त्याला लागली, पण पाट अडलेलेच! आपल्याकडे निघताना 'येतो' म्हणायची रीत आहे. फोनला ती नाही. तो न सांगताच निघून जातो आणि पेटी दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत त्याची जागा राखत बसते.

यावर उपाय फुकटचा आहे आणि तो घरच्या माणसाने करण्यासारखा आहे. पेटीच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर तिचा स्वतःचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. वायफायला जोडलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर, संकेतस्थळाचे नाव लिहितो त्या जागी, तो इंग्रजी आकड्यांत लिहावा. नाव व पासवर्ड विचारला जातो. तोही पुष्कळदा त्याच कागदावर असतो. (तो पहिल्या दिवशीच बदलावा. पाहुणे सज्जन असतात, पण पाहुण्यांची मुले फार हुशार असतात.) आत 'लॅन' किंवा 'नेटवर्क' या सदराखाली 'डीएचसीपी सर्व्हर' सापडतो. तिथे पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक आणि मुदत अशा तीन चौकटी असतात. देवबागेत पहिला १९२.१६८.१.५० आणि शेवटचा १९२.१६८.१.२४९ केला. वीसाचे दोनशे पाट झाले, आणि लाइन होती तेवढीच राहिली.

मुदतीच्या चौकटीत मात्र जपून लिहावे. काही पेट्या ती मिनिटांत मागतात, काही सेकंदांत. ८६४०० दिसले तर ते २४ तासांचे सेकंद समजावेत. ज्या घरात रोजची चारच माणसे, तिथे २४ तास उत्तम. जिथे सकाळ-संध्याकाळ नवी माणसे येतात तिथे दोन तास, म्हणजे ७२०० सेकंद, माझ्या मते पुरे. मुक्कामी पाहुण्याचे यात काहीच बिघडत नाही, कारण त्याचा फोन तासातासाला वाढ घेत राहतो. पाच मिनिटांची मुदत ठेवण्याचा अतिउत्साहही नको. मग पेटी आणि फोन दिवसभर वाढीचाच संवाद करीत बसतात.

प्रिंटरची गोष्ट निराळी. त्याचा क्रमांक बदलला की बिले निघत नाहीत. त्याच्यासाठी 'रिझर्वेशन' नावाची सोय असते. प्रत्येक यंत्राला कारखान्यात मिळालेली बारा अक्षरांची ओळख असते. ती पेटीत नोंदवून समोर क्रमांक लिहिला की तो पाट त्याच्या नावे झाला. देवबागच्या प्रिंटरला १९२.१६८.१.२० दिला आणि कॅमेऱ्यांना पुढचे दोन. काही पेट्या राखीव क्रमांक वाटपाच्या मर्यादेतलाच मागतात. तिथे त्यांचे ऐकावे. नव्या फोनांबाबत एक ध्यानात असू द्यावे. आयफोन २०२० पासून आणि बरेचसे अँड्रॉइड फोन त्याच्या आसपासपासून प्रत्येक वायफायला आपली खरी ओळख न देता बनवलेली देतात. त्यांच्यासाठी राखीव जागा ठेवायची तर जोडलेल्या अवस्थेत जी ओळख दिसते तीच नोंदवावी लागते.

एवढे झाले तोवर त्यांचा चाकरमानी मुलगा मुंबईहून आला, आणि येताना आईसाठी दुसरी वायफाय पेटी घेऊन आला, कारण पडवीत सिग्नल पोचत नसे. त्याने ती पहिल्या पेटीला तारेने जोडली आणि अर्ध्या तासात निम्मे घर पुन्हा बंद! पंगतीत पाट दाखवायला दोन यजमान उभे राहिले, आणि दुसऱ्याला बाहेरचे दार कुठे आहे हेच ठाऊक नव्हते. ज्या फोनाने त्याचे ऐकले तो आतच फिरत राहिला. दुसऱ्या पेटीतले डीएचसीपी बंद करायचे, तिला स्वतःला वाटपाबाहेरचा क्रमांक द्यायचा (तिथे १९२.१६८.१.२ दिला) आणि तार तिच्या 'वॅन' खाचेत न घालता 'लॅन' खाचेत घालायची. पेटीला 'ॲक्सेस पॉइंट' अशी सोय असेल तर ती निवडताच डीएचसीपी आपोआप बंद होते.

फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' म्हणत अडून बसला, किंवा लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर पाट देणारा कोणी भेटला नाही म्हणून त्याने स्वतःच भुईवर बसकण मारली असे समजावे. अशा वेळी कंपनीला फोन करण्याआधी पेटी उघडून त्या तीन चौकटी पाहाव्यात.

देवबागच्या त्या स्वयंपाकघरात भिंतीवर 'कालनिर्णय' टांगलेले असते; १९७३ साली ते काढणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच. त्याच्याच शेजारी आता बाईंनी एक कागद चिकटवला आहे. पेटी १, पडवी २, प्रिंटर २०, कॅमेरे २१ व २२, पाहुणे ५० ते २४९, मुदत दोन तास. मोठा प्लॅन त्यांनी घेतला नाही.