लहान मुले, लाटा आणि बोर्ड

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणारी कुटुंबे आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. पूर्वी मुले वाळूत किल्ले करायची, शिंपले वेचायची आणि गुडघाभर पाण्यात डुंबून परत यायची. आता पेडणे तालुक्यातल्या हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या किनाऱ्यांवर सर्फिंगचे रंगीत बोर्ड भाड्याने मिळतात, शिकवणारेही असतात, आणि सहा-सात वर्षांचे नातवंड हात ओढत म्हणते, "आजोबा, मला ते करायचंय!" मग पालकांमध्ये दोन तट पडतात. एकाला ते जिवावरचे वाटते, दुसरा म्हणतो, जाऊ दे, त्याशिवाय धीट होणार कसा?

आम्ही पाच-सहा कुटुंबे, आजी-आजोबा धरून, गेली काही वर्षे मुलांना घेऊन या किनाऱ्यांवर जातो. आमच्यातले बरेच जण बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे जोखीम आधी मोजायची आणि मग सही करायची ही सवय अंगात मुरलेली. शिकवणाऱ्यांकडून, जीवरक्षकांकडून आणि मुलांकडून जे समजले ते सभासदांसाठी येथे मांडत आहोत.

हा खेळ काही परका राहिलेला नाही. आपल्याच राज्यात, मंगळुरूजवळच्या मुल्कीला 2004 पासून सर्फिंग शिकवले जाते. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली, सर्फिंगचा पहिल्यांदा समावेश झाला. अर्थात आपल्या मुलांना ऑलिंपिकला पाठवायचे नाही. त्यांना लाटेशी खेळता यावे आणि ती धडधाकट परत यावीत, एवढेच आपल्याला हवे आहे.

आपल्या पिढीतले बहुतेक जण पोहायला शिकले ते मळ्यातल्या विहिरीत. पाठीला भोपळा नाही तर रिकामा डबा बांधायचा आणि काकांनी मागून ढकलायचे. चार घोट पाणी पोटात गेले की हातपाय आपोआप हलू लागत. ती पद्धत विहिरीत खपून गेली, कारण विहिरीचे पाणी जागचे हलत नाही आणि काका दोन हातांवर असतात. समुद्र हलतो. घाबरलेले मूल तेथे डोळे मिटून घेते, बोर्ड सोडून देते, आणि ज्या क्षणी पाहायला हवे नेमके त्या क्षणी पाहत नाही. म्हणून लहान मुलाला सर्फिंग शिकवताना भीती घालवणे आणि जीव सांभाळणे ही दोन वेगळी कामे नाहीत. मूल मजेत असेल तर ते ऐकते, बघते, सांगितलेले लक्षात ठेवते. ढकललेले मूल यातले काहीच करत नाही.

वयाचे विचाराल तर आमचे मत असे: पाच वर्षांपासून फेसात बोर्डावर पालथे पडून घसरायला हरकत नाही, उभे राहण्याची घाई सात-आठच्या आत करू नये. पण वयापेक्षा पोहण्याला महत्त्व द्यावे. मुलाला पाठीवर शांतपणे तरंगता आले पाहिजे आणि तोंडावर पाणी आले तर ते गडबडून जाता कामा नये. एवढे तरणतलावात आधी पक्के करून घ्या, सुट्टीच्या दोन महिने आधीपासून. ज्याला तरंगता येत नाही त्याने गुडघ्याच्या वर पाण्यात बोर्ड नेऊच नये, शिक्षक कितीही उत्साही असो. तारणाशिवाय कर्ज नाही, असे आम्ही बँकवाले गमतीने म्हणतो.

आता समुद्राचे. जून ते सप्टेंबर हा विषयच काढू नये. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणजे समुद्र शांत झाला, असे मानायची रीत आहे. ती होड्या चालवणाऱ्या जाणत्या माणसांसाठी. मुलांसाठी ऑक्टोबर मध्यावर येईपर्यंत थांबावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; लाटा बेताच्या असतात आणि पाणी आपल्याला कोमट वाटावे इतके उबदार.

वेळ सकाळची. भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष भेटतात. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारा असतो, त्याने लाट नीटस होते आणि एका रेषेत येते. दुपारनंतर खारा वारा सुटला की पाणी विस्कटते आणि कोणती लाट कोठून येते तेच मुलाला कळत नाही. मात्र या मतलई वाऱ्याची एक खोड लक्षात ठेवावी. तो तरंगत्या हलक्या वस्तू समुद्राकडे नेतो. हवा भरलेली ट्यूब, प्लास्टिकचे बदक, फुगवलेली गादी यांवर बसलेले मूल पाच मिनिटांत खोल पाण्यावर गेलेले आम्ही पाहिले आहे. पाणी अगदी संथ होते, आई-वडील काठावर बसून हात हलवत होते, मुलगाही हसत होता. जीवरक्षक पोहत गेला आणि घेऊन आला तेव्हा कोठे सगळ्यांना कळले की काय झाले असते. तेव्हापासून आमच्या गाडीत ट्यूब घेत नाहीत.

भरती-ओहोटीसाठी जुन्या लोकांचा हिशेब फार सोपा आहे. तिथीची पाऊणकी करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ मोबाइलवर पाहून घ्यावीच; पण नातवंडांना पाऊणकी शिकवायला याहून चांगले निमित्त आम्हाला मिळालेले नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी अधिक चढते, अधिक उतरते आणि ओढही अधिक असते. अष्टमीच्या आसपासचा भांगाचा काळ मुलांना बरा. काही किनाऱ्यांवर पूर्ण भरतीला पाणी वाळूच्या उतारावर चढते आणि लाट सरळ काठावर आपटते. तेथे मुलाला नेऊ नये, मान-खांदा दुखावतो. सपाट पसरलेली वाळू आणि दूरवर फुटून फेस होऊन येणारी लाट, असा किनारा शोधावा.

नदीच्या मुखाशी तर नकोच. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी आणि केरीला तेरेखोल नदी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की नदीचे पाणी मोठ्या ओढीने बाहेर जाते. वरून ती जागा फार रम्य आणि शांत दिसते.

हेच 'शांत दिसणे' इतरत्रही फसवते. लाटा काठाकडे जे पाणी आणतात ते कोठून तरी परत गेलेच पाहिजे. ते एखाद्या खोलगट पट्ट्यातून वेगाने परतते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी थोडे गढूळ किंवा गडद दिसते, फेसाचे ठिपके समुद्राकडे सरकत असतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गुळगुळीत गल्ली. नवख्या माणसाला वाटते, येथे लाटा नाहीत, मुलाला येथेच उतरवू. नेमके तेथे उतरवायचे नाही. पाण्यात जाण्याआधी दहा-पंधरा मिनिटे काठावर बसून मुलांनाच ही गल्ली शोधायला लावा. आमच्यातली आठ वर्षांची एक मुलगी आता मोठ्यांच्या आधी ती ओळखते आणि त्याचा तिला भारी अभिमान आहे. मुलाला एकच सूचना पाठ असावी: ओढ लागली तर बोर्ड सोडायचा नाही, त्यावर पालथे पडून घट्ट धरायचा आणि एक हात वर करून ओरडायचे. बोर्ड बुडत नाही. काठाकडे जोर लावून पोहायचे नाही, त्याने फक्त दम जातो. मोठ्या माणसाने त्या ओढीला आडवे, किनाऱ्याला समांतर जाऊन बाहेर पडावे.

गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांमधला पट्टा त्यांच्या नजरेखालचा. नुसता लाल झेंडा असेल तेथे उतरायचे नाही. पोहणाऱ्यांच्या गर्दीत बोर्ड नेणेही बरे नव्हे, म्हणून "मुलांना बोर्ड घेऊन कोठे उतरवू?" असे जीवरक्षकालाच आधी विचारावे. ते आनंदाने सांगतात. या मंडळींशी हुज्जत घालणारे आपले लोक पाहिले की खरेच वाईट वाटते.

बोर्ड वरून मऊ फोमचाच हवा, त्याखालची शेपटीही रबराची हवी. मुलाच्या उंचीपेक्षा दीड-दोन फूट लांब आणि चांगला रुंद असला की स्थिर राहतो. छोटा, टोकदार, चकचकीत बोर्ड दिसायला छान, पण डोक्याला लागतो. पायाला बांधायची दोरी मागच्या पायाच्या घोट्यावर बांधावी. हाताला गुंडाळू देऊ नये. अंगात लांब बाह्यांचा चिकट पोहण्याचा शर्ट असला की ऊन लागत नाही आणि पोटाला घासतही नाही.

पहिला अर्धा तास वाळूवर. वाळूत बोटाने बोर्डाचा आकार काढून त्यावर मुलाला पालथे पडायला सांगावे. छाती उचलून पुढे पाहायचे, म्हणजे सूर्यनमस्कारातले भुजंगासन. हे आपल्या मुलांना शाळेत शिकवलेलेच असते. मग हात छातीजवळ टेकून उडी मारत तिरके उभे राहायचे, गुडघे वाकलेले, नजर समोर. पायाकडे पाहिले की पडलाच. कोणता पाय पुढे ठेवायचा हे कळण्यासाठी मुलाला बेसावध असताना मागून हलकेच ढोसा. तोल सावरायला जो पाय आपसूक पुढे पडतो तोच पुढचा. हा प्रकार मुलांना इतका आवडतो की मग ती आजी-आजोबांनाही ढोसू लागतात, तेवढे सांभाळावे.

पडायलाही शिकवायचे. डोक्यावर सूर मारायचा नाही. सपाट, बाजूला किंवा पाठीवर पडायचे. वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे, कारण बोर्ड कोठे आहे ते दिसत नसते. आणि चालताना बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधीच आडवा धरायचा नाही, लाट तो छातीवर आणून आदळते. बोर्ड अंगाच्या बाजूला, टोक समुद्राकडे. वाळूत कधी पाकट मासा पडलेला असतो. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालले की तो आधीच सरकतो.

पाण्यात गेल्यावर मुलाच्या कमरेएवढी खोली पुरे. मोठा माणूस समुद्राच्या बाजूला, हात पोचेल इतक्या अंतरावर. एका मुलामागे एक मोठा, आणि त्या मोठ्याच्या हातात मोबाइल नाही. फोटो काठावरच्या तिसऱ्याने काढावेत. बुडणारे मूल सिनेमासारखे ओरडत नाही, बहुतेक वेळा ते गप्पच असते. आपण फेसाची गुडघाभर लाट निवडायची, "आली!" म्हणायचे आणि बोर्डाला हलका रेटा द्यायचा. पहिल्या दिवशी फक्त पालथे. हसू फुटते ते याच वेळी. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर, मग स्वतःहून कधीतरी उभे. न फुटलेली हिरवी लाट ही पुढच्या वर्षांची गोष्ट आहे.

आमच्यातली एक सहा वर्षांची मुलगी दोन दिवस पाण्यात आलीच नाही. वाळूत खड्डे खणत बसली. तिच्या आजोबांना फार चुटपुट लागली होती, शिकवणीचे पैसेही भरलेले. पण आईने कोणाला तिला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बोर्डाला लटकली आणि "मी एकटीच पडणार" म्हणाली. त्या दिवशी तिला बाहेर काढायला लाडू दाखवावा लागला. "घाबरतोस काय, तो बघ कसा करतो" हे वाक्य मात्र किनाऱ्यावर बंदच ठेवावे. मूल "पुरे" म्हणाले की त्याच क्षणी बाहेर यायचे. आपल्या म्हणण्याने बाहेर पडता येते हे कळले की ते परत जायला तयार होते.

शिक्षक लावणार असाल तर विचारायला संकोच करू नका: आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचे प्रशिक्षण झाले आहे का, प्रथमोपचार येतात का, एका वेळी किती मुले घेता? लहानांसाठी एकाकडे दोनपेक्षा जास्त मुले असतील तर आम्ही नमस्कार करून निघतो. आणि शिक्षक असला तरी आपण पाण्यातच असायचे.

एका वेळी तीस-चाळीस मिनिटे भरपूर झाली. पाणी कोमट असले तरी मुले लवकर गारठतात. ओठ निळसर दिसले, दात वाजू लागले की कितीही रडारड झाली तरी बाहेर. ही एकच जागा जेथे मुलाचे ऐकायचे नाही. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ, कोरडे कपडे, पाणी, केळी, शेंगदाण्याची चिक्की. भूक अशी लागते की घरी भाजीला नाके मुरडणारी मुले तिखट आमटी-भात दोनदा मागतात. परतीच्या दिवशी मात्र सकाळचा खेळ लवकर आटोपून बेतानेच खाऊ घालावे. चोर्ला घाटाची वळणे लाटांपेक्षा जास्त बाधतात, आणि गाडीत प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी असू द्याव्यात.