निळी परी

'एलेना फेरान्ते' हे एका इटालियन लेखिकेचे टोपणनाव आहे. जगभर कीर्ती मिळूनही ती वाचकांसमोर आलेली नाही. २०११ ते २०१४ या काळात तिची चार भागांची कादंबरी प्रसिद्ध झाली.

तिच्यात नेपल्स शहरातील दोन मैत्रिणी आहेत, लीला आणि एलेना. लीला जोडे शिवणाऱ्याची मुलगी, फार हुशार. लहानपणीच ती 'निळी परी' ही गोष्ट लिहिते. परंतु आईवडील तिला पुढे शिकवत नाहीत. एलेना शिकते आणि लेखिका म्हणून नाव मिळवते. एके दिवशी बाईंनी जपलेल्या जुन्या वह्यांत तिला ती गोष्ट सापडते. आपल्या पुस्तकाचे बीज त्या गोष्टीतच आहे, हे तिला कळते.

शाळा सोडून गेलेली अशी एखादी लीला तुम्हांला आठवते का?