रेग्युलर एक्सप्रेशनद्वारे मराठी मजकुरातील अक्षरबदल : एक विवेचन

प्रस्तावना :
ग्रंथालयांच्या सूची, विद्यार्थ्यांच्या याद्या व संशोधनासाठी संकलित केलेला मजकूर आज संगणकावर साठविला जातो. टंकलेखनाच्या पद्धती भिन्न असल्याने डोळ्यांना सारखाच दिसणारा शब्द संगणकाच्या दृष्टीने वेगळा ठरू शकतो. परिणामी नोंद अस्तित्वात असूनही शोधात सापडत नाही. असा मजकूर एकरूप करण्याचे प्रभावी साधन म्हणजे 'रेग्युलर एक्सप्रेशन' होय.

संकल्पना :
या संकल्पनेचा गणिती पाया स्टीफन क्लीनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात आढळतो. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मजकुराच्या शोधासाठी तिचे उपयोजन मांडले. साधा शोध ठरावीक अक्षरेच शोधतो. रेग्युलर एक्सप्रेशन मात्र अक्षरांच्या रचनेचे वर्णन करते. उदा. '[०-९]' म्हणजे कोणताही एक देवनागरी अंक, तर '[०-९]+' म्हणजे सलग एक वा अधिक अंक. बदलाच्या आज्ञेचे दोन भाग असतात : काय शोधावे आणि त्याजागी काय लिहावे.

उपयोजन :
युनिकोडमध्ये 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे लिहिला जातो. पहिल्या प्रकारात 'ऱ' हे अक्षर, हलन्त चिन्ह व 'य' येतात. दुसऱ्यात 'र', हलन्त चिन्ह, 'झीरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य जोडचिन्ह व 'य' असा क्रम असतो. हे जोडचिन्ह निरुपयोगी समजून सरसकट वगळल्यास दुसऱ्या प्रकारातील 'दऱ्या'चे 'दर्या' होते. म्हणजेच डोंगरांमधील दऱ्यांच्या जागी समुद्र येतो! म्हणून प्रथम 'र, हलन्त, जोडचिन्ह' या क्रमाऐवजी 'ऱ, हलन्त' असा बदल करावा व त्यानंतरच उरलेली जोडचिन्हे काढावीत. नियमांचा क्रम बदलल्यास अर्थही बदलतो.

मर्यादा व दक्षता :
चौकटी कंसातील '[की]' हे संगणकाला एक अक्षर नसून 'क' किंवा 'ी' असे दोन स्वतंत्र पर्याय वाटतात. त्यामुळे जोडाक्षरे व स्वरचिन्हे असलेल्या अक्षरांसाठी गोल कंस व उभी रेघ यांनी पर्याय द्यावेत, जसे '(की|कि)'. तसेच मूळ मजकुराची प्रत जतन करावी आणि बदलापूर्वी जुळणाऱ्या जागा तपासाव्यात.

निष्कर्ष :
रेग्युलर एक्सप्रेशन रचना ओळखते, अर्थ ओळखत नाही. अर्थाचे रक्षण करण्याची जबाबदारी भाषा जाणणाऱ्या अभ्यासकाचीच राहते.