स्कार्फ स्कूटरवर, मैदानात मास्क?

मे महिन्यात अकराचा टोला पडला की संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात चेहरे दिसेनासे होतात. भाजी घेऊन स्कूटरवर निघालेल्या बाईचे डोळे तेवढे दिसतात, बाकी सगळा स्कार्फ. कॉलेजच्या पोरांनीही डोक्यापासून हनुवटीपर्यंत पांढरा रुमाल गुंडाळलेला असतो. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मराठवाड्यात तोंड झाकणे ही फॅशन नसते, शहाणपण असते. त्यामुळे मुलांनी उन्हाळ्यात मास्क लावून खेळावे का, हा करोनाकाळात जगभर गाजलेला प्रश्न इथल्या माणसाला वरवर सोपा वाटतो. उन्हात तोंड झाकलेले बरेच, मग मास्कने काय बिघडणार?

स्कूटरवर बसलेल्याच्या अंगात फारशी उष्णता तयार होत नाही, ती बाहेरून येते. आपली त्वचा उन्हाळ्यात साधारण 35 अंशांवर असते. हवाच 42 अंशांची असली की वारा अंग निववत नाही, उलट तापवतो. अशा झळा कापडाने अडवणे योग्यच. धावणाऱ्या मुलाचे गणित उलटे आहे. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो, उरलेली उष्णता होऊन अंगात साठते. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकत ती बाहेर फेकतो. माणसाची भिस्त मुख्यतः घामावर असते, आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो.

इथे मराठवाड्याची कोरडी हवा उपकारच करते. संभाजीनगरचा माणूस मुंबईला गेला की पहिली तक्रार घामाची करतो, कारण तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही. पारा कमी दाखवतो, पण अंगातली उष्णता अडकून राहते. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीसाठी 5 किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले आणि त्यांतल्या चौघांचा जीव गेला. मास्कचा तेव्हा संबंधही नव्हता. मास्क लावून धावणारा मात्र नाकातोंडापुरती एक छोटी मुंबई बरोबर घेऊन धावतो. श्वासाची वाफ आत कोंडते, कापड ओले होऊन ओठांना चिकटते, चेहरा तापतो आणि दम लवकर लागल्यासारखा वाटतो.

‘वाटतो’ हा शब्द इथे महत्त्वाचा. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठात 2020 मध्ये 14 निरोगी प्रौढांना व्यायामाची सायकल थकेपर्यंत चालवायला लावली, तेव्हा साध्या कापडी किंवा सर्जिकल मास्कने त्यांच्या कामगिरीत फरक पडला नाही. त्याच वर्षी जर्मनीतील लाइपझिगच्या संशोधकांनी 12 पुरुषांवर चाचणी केली. त्यांची दमाची क्षमता घटली, आणि एन-95 च्या जातीच्या जाड मास्कने जास्त घटली. म्हणजे मास्क लावून धावताच गुदमरायला होते हे खोटे, आणि काहीच होत नाही हेही. शिवाय दोन्ही प्रयोग बंद खोलीत, मोठ्या माणसांवर झालेले. तापलेल्या मातीत खो-खो खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीबद्दल ते फार काही सांगत नाहीत.

नियम करणाऱ्यांचीही या मुद्द्यावर ओढाताण झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्येच सांगितले होते की व्यायाम करताना मास्क लावू नये आणि मुलांनी खेळताना तर नकोच, त्यापेक्षा अंतर राखावे. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्यायामशाळांसाठी सूचना काढल्या, त्यांतही व्यायाम करताना एन-95 मास्कने श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो असा इशारा होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र 2020 च्या अखेरीस बहुतेक खेळांत मास्क लावायला सांगितले. एप्रिल 2021 मध्ये ओरेगन राज्यात मास्क लावून 800 मीटर धावणारी एक शाळकरी मुलगी शेवटच्या रेषेपाशी कोसळली. काही दिवसांतच त्या राज्याने उघड्यावरच्या, अंगाला अंग न लागणाऱ्या शर्यतींसाठी नियम सैल केला.

साथीच्या दिवसांत बाकावर दाटीवाटीने बसलेल्या, किंवा बंद गाडीतून सामन्याला निघालेल्या मुलांनी मास्क लावण्यात काहीच गैर नाही. रणरणत्या मैदानात पळताना मात्र तो खिशातच बरा. आणि या निवाड्यामागे घामापेक्षाही साधे एक कारण आहे, ज्याची चर्चा कमी झाली: मास्क चेहरा लपवतो.

चेहरा झाकून खेळणे या शहराला नवे नाही. विद्यापीठ परिसरातल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात मुले तलवारबाजी शिकतात. त्यांचा मुखवटा तारेच्या जाळीचा असल्याने त्यातून हवा खेळते, पण अंगावरचे जाड जाकीट चांगलेच तापते. बाद फेरीच्या लढतीत तीन मिनिटांच्या टप्प्यानंतर एक मिनिटाची उसंत मिळते. तेवढ्यात खेळाडू आधी मुखवटा काढतो. वारा लागतो, पाणी पिता येते, आणि प्रशिक्षकाला त्याचे तोंड दिसते.

उष्माघात अनेकदा तोंडावरच आधी उमटतो. मूल असंबद्ध बोलते, उगाच चिडते, नजर हरवल्यासारखी होते, पाय लटपटतात. घाम थांबतो ही खूण खेळाडूंच्या बाबतीत फसवी असते, घामाने निथळणाऱ्या मुलाच्या शरीराचे तापमानही 40 अंशांच्या वर गेलेले असू शकते. अशा वेळी आधी गार करायचे आणि मग दवाखान्यात न्यायचे, हा क्रम उलटू द्यायचा नाही. थंड पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसवणे उत्तम. ते जमत नसेल तर सावलीत नेऊन बादल्यांनी पाणी ओतावे, मानेला आणि काखेत बर्फ लावावा, वारा घालत राहावे.

मुले उष्णता सोसण्यात मोठ्यांपेक्षा मुळातच कच्ची असतात, ही जुनी समजूत अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी 2011 मध्येच बाजूला ठेवली. पाणी पुरेसे मिळाले तर ती बरोबरीने टिकतात. अंगाला ऊन सरावायला मात्र दहा ते चौदा दिवस लागतात. परीक्षा संपल्यावर थेट शिबिराला आलेल्या मुलाला पहिल्याच सकाळी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावणारा प्रशिक्षक हे दिवस त्याच्याकडून हिरावून घेतो, मग तोंडावर मास्क असो वा नसो.