चौदाव्या जागेवरचा झेड

परळीच्या मोंढ्यात माझा एक मित्र कर सल्लागार आहे. महिन्याच्या दहा तारखेला त्याच्याकडे गेलं की चहा मिळतो, गप्पा मिळत नाहीत. अकरा तारीख ही जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र भरायची शेवटची, त्यामुळे बिलांच्या पिशव्या घेऊन माणसं दारात उभी असतात. अशाच एका संध्याकाळी औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून विटा करणारे एक गृहस्थ आले. एका ठेकेदाराला त्यांनी विटा दिल्या होत्या. ठेकेदाराने चिठ्ठीवर हाताने लिहून दिलेला जीएसटी नंबर काही केल्या पोर्टल घेईना.

"बरोबरच लिव्हलाय की, भाऊ. दोनदा मोजला. पंधरा भरतेत."

मित्राने चिठ्ठी टेबलावर पसरली आणि पेनाचं टोक एकेका अक्षराखालून सरकवत नेलं. पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, जसाच्या तसा. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर हा क्रम कधी मोडत नाही. म्हणून नंबरात तिसऱ्या ते सातव्या जागेवर गोल दिसला तर तो ओ, आठव्या ते अकराव्या जागेवर दिसला तर शून्य. सहाव्या जागेवरून समोरचा कोण तेही कळतं: पी असेल तर एकटी व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी, सी म्हणजे कंपनी, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. तेराव्या जागेवर त्या पॅनची राज्यातली कितवी नोंदणी ते येतं. पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं असतं. मधलं एखादं चुकलं की ते जुळत नाही.

पेन चौदाव्या जागेवर थांबलं. तिथे दोनचा आकडा होता.

"मामा, व्यापाऱ्याच्या नंबरात इथं झेड असतो."

ठेकेदाराने घाईत काढलेला झेड सगळ्यांनी दोन म्हणून वाचला होता. झेड टाकला आणि पोर्टलने नंबर घेतला. एवढ्याशासाठी त्या माणसाचे दोन दिवस गेले होते. हे वाचायला कुणी शिकवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मित्र तिथेच थांबला नाही. पोर्टलवर लॉगिन न करता कोणाचाही नंबर तपासता येतो. नंबर टाकला की नोंदणीचं कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे, स्थगित आहे की रद्द झाली, हे समोर येतं. नंबर हाताशी नसेल आणि पॅन ठाऊक असेल तर पॅनवरूनही शोधता येतो. यात नोंदणी चालू आहे की नाही, ही ओळ सगळ्यात मोलाची. माझ्या भावाने एका पुरवठादाराकडून कर भरून माल घेतला. बिलावर नंबर होता, शिक्का होता. पुढे कळलं, ती नोंदणी काही महिन्यांपूर्वीच रद्द झालेली. भरलेल्या कराची वजावट त्याला मिळाली नाही.

रात्री वैद्यनाथ मंदिराच्या वाटेने घरी येताना मी पाट्या वाचत आलो. जीएसटीच्या नियम १८ प्रमाणे नोंदणीचं प्रमाणपत्र दुकानात ठळक जागी आणि नंबर दर्शनी पाटीवर हवा. काही जुन्या पाट्यांवर अजून व्हॅटच्या काळातला टिन आहे: सुरुवात २७ नेच, पण अकरा आकडे आणि शेवटी व्ही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि बहुतेक व्यापाऱ्यांचा तो नंबर संपला. बेलफूल, प्रसाद विकणाऱ्यांकडे नंबर नाही, आणि त्यात गैर काही नाही. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. मात्र नोंदणी नसलेल्याला बिलात वेगळा जीएसटी लावता येत नाही. छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेतल्यालाही नाही, आणि आपण त्या योजनेत आहोत हे त्याने पाटीवर लिहायला हवं.

तेव्हा बिलात जीएसटीची ओळ दिसली की पैसे देण्याआधी वरचा नंबर पोर्टलवर टाकून पाहा. मोबाइलवर दोन मिनिटं लागतात.